"बाबा दुबईला गेलेत" असं मुलाला सांगितलंय, आता काय करू?

प्रश्न थोडक्यात असा. ताई ३६ वर्षांच्या, राहायला साताऱ्याजवळ. पती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर होते. दहा महिन्यांपूर्वी रात्रपाळीहून घरी आले आणि हृदयविकाराच्या झटक्याने गेले, वय ४२. मुलगी १२ वर्षांची, मुलगा ६ वर्षांचा. सासूबाई त्यांच्याजवळच राहतात, सासरे पूर्वीच वारले. मुलाला "बाबा दुबईला गेलेत" असं सांगितलंय आणि हार घातलेला फोटो त्याला दिसू नये म्हणून कपाटात ठेवलाय. तो आता रोज व्हिडिओ कॉल लावून मागतो. मुलगी रडत नाही, बोलत नाही, घरातलं सगळं काम मात्र करते. गावाकडचे थोरले दीर जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही मागताहेत. त्यांच्याच मुलीच्या लग्नात कुंकू लावून येऊ नकोस, असं सासूबाईंनी बजावलंय. दोन महिन्यांनी वर्षश्राद्ध आहे. शेवटी दोन वाक्यं: "घर पुन्हा पहिल्यासारखं कधी होईल? आणि यांची गाडी विकून टाकू का?"

ताई,

एक गोष्ट सगळ्यात आधी, कारण ती उद्यावर टाकण्यासारखी नाही. हक्कसोडपत्रावर सही करू नका. थेट नाही म्हणायला जड जात असेल तर "वर्षश्राद्ध होईपर्यंत मी कुठल्याच कागदाला हात लावणार नाही" एवढं सांगा. आपल्याकडे या वाक्यापुढे सहसा कुणी बोलत नाही. कायद्याचं खाली लिहितेच.

आता मुलगा. बावीस वर्षं महिला समुपदेशन केंद्रात काम केलं, त्यात मी दुबई ऐकली, पुण्याला मोठ्या दवाखान्यात आहेत हे ऐकलं, देवाघरी गेले, तारा झाले, झोपले, सगळं ऐकलं. "बाबा झोपलेत" असं सांगितलेली चार वर्षांची एक मुलगी आईचा दुपारी डोळा लागू देत नसे. बोटांनी आईच्या पापण्या उघडायची. तुम्ही खोटं बोललात म्हणून मी तुम्हाला बोल लावत नाही; त्या दिवशी तोंडातून शब्द फुटत नव्हते आणि दुबई सुचली, एवढंच झालं. पण दुबईत एक अडचण आहे. दुबईला गेलेला बाप फोन करतो. तो फोन का करत नाही, याचं उत्तर सहा वर्षांच्या मुलाने आतल्या आत काढलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते "माझ्यावर रागावले असतील" हेच असतं. या वयात आपल्या मनात आलं म्हणून जगात काही घडतं, असं मुलांना खरोखर वाटतं. सायकलसाठी हट्ट केला म्हणून पप्पांना अटॅक आला, हे ओझं वर्षभर एकट्याने वागवलेला एक मुलगा माझ्यासमोर बसलेला आहे. शाळेतलं, बिल्डिंगमधलं कुणीतरी तुमच्या मुलाला खरं काय ते बोललंही असेल. तसं असेल तर त्याला कळलंय, आणि आईला ते चालत नाही हेही कळलंय.

तेव्हा सांगायचं, आणि लवकर. रात्री झोपताना नको, रात्र मोठी असते. शनिवारी किंवा रविवारी सकाळी, पोटात काहीतरी गेल्यावर. आदल्या दिवशी मुलीला आणि सासूबाईंना कल्पना द्या, म्हणजे तिघींच्या तोंडी एकच गोष्ट राहील. तुम्ही एक सांगितलं आणि आजीने "माझा बाळ देवाकडे गेलाय, बघतोय तुला वरून" असं सुरू केलं तर सगळं पुन्हा विस्कटतं. त्याला जवळ घेऊन, टीव्ही बंद करून, साध्या शब्दांत: "मी तुला बाबा दुबईला गेले असं सांगितलं होतं. ते खरं नव्हतं. मला खरं सांगता येत नव्हतं, माझं चुकलं. बाबा त्या दिवशी मरण पावले. त्यांचं हृदय बंद पडलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते सुरू झालं नाही. मरण पावलेलं माणूस परत येत नाही. बाबांना आता दुखत नाही, भूक लागत नाही, थंडी वाजत नाही. तू काही केलंस म्हणून हे झालं नाही, आणि तुझ्यावर ते रागावलेलेही नव्हते."

"मरण पावले" हा शब्द उच्चारताना तुमचा आवाज फुटेल. फुटू द्या. आईला रडताना बघून मूल घाबरत नाही. आई बाथरूममध्ये नळ सोडून रडते आणि बाहेर येऊन काही नाही म्हणते, त्याने घाबरतं.

त्यानंतर काय होईल तेही सांगून ठेवते. बहुधा तो पाच मिनिटं तुमच्याकडे बघेल आणि "मी खाली खेळायला जाऊ?" म्हणेल. याला काहीच कसं वाटलं नाही, असं मनात आणू नका. लहान मुलांचं दुःख असं तुकड्यातुकड्यानं येतं: जरा रडतात, जरा खेळतात, चार दिवसांनी भात कालवताना मध्येच विचारतात. तोच प्रश्न वीस वेळा येईल, वीसही वेळा तेच उत्तर द्या. "तू पण मरशील?" हा प्रश्न तर येणारच. "कधीच नाही" असं म्हणू नका, एका खोट्यातून आत्ताच बाहेर पडलाय. "सगळीच माणसं कधीतरी मरतात, पण बहुतेक जण खूप म्हातारे होऊन. मी डॉक्टरांकडे जाते, गोळी लागली तर घेते. आणि मला कधी काही झालंच तर मावशी आणि मामा तुला सांभाळतील." शेवटचं वाक्य गाळू नका, मूल खरं तर तेच विचारत असतं. अंथरुण ओलं होणं, शाळेच्या वेळेला पोट दुखणं, तुम्ही दृष्टीआड झालात की कासावीस होणं, हे काही महिने चालेल. त्याच्या वर्गशिक्षिकेला भेटून सगळं सांगा, म्हणजे वर्गात "माझे बाबा" निबंध लिहायला सांगतील तेव्हा त्यांना भान राहील.

कपाटातला फोटो बाहेर काढा. हार घातलाच पाहिजे असं नाही. पासपोर्टच्या फोटोवरून मोठा केलेला, कडक चेहऱ्याचा फोटो आपण भिंतीवर लावतो आणि हसतानाचे सगळे मोबाइलमध्ये पडून राहतात, हे मला कधीच पटलं नाही. मुलांनाच निवडू द्या. बाबांच्या मोबाइलमधले आवाज, व्हॉट्सअॅपवरची रेकॉर्डिंग, व्हिडिओ आजच दुसरीकडे उतरवून ठेवा. आणि त्यांचं सिम रिचार्ज करत राहा. बँकेचे, पीएफचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि नंबर तीन महिने वापरात नसला तर कंपनी तो बंद करू शकते. फक्त त्या फोनवरून त्यांच्या खात्यातले पैसे काढू नका. खातेदार गेल्यावर ते बँकेला कळवून, वारसाच्या रीतीनेच घ्यायचे असतात. घाईत यूपीआयने काढलेल्या रकमेवरून पुढे भाऊबंदकीत "हिने परस्पर पैसे काढले" असं निघतं.

मुलीबद्दल तुम्ही जेमतेम दोन ओळी लिहिल्यात. मला खरी काळजी तिची वाटते.

बारा वर्षांची मुलगी सकाळी भावाचा डबा भरते, आजीच्या गोळ्या काढून ठेवते, मार्कही कमी झालेले नाहीत. येणारी-जाणारी माणसं म्हणतात, "किती गं समजूतदार, आईचा आधार आहे." कामाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी स्वतः अशाच एका मुलीला "आता आईला तूच सांभाळायचंस" असं म्हणाले होते. कौतुकाने म्हणाले होते. सहा वर्षांनी ती एकटी केंद्रात आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, त्या दिवसापासून मी रडलेच नाही, तुम्हीच सांगितलं होतं ना." त्यानंतर ते वाक्य मी कुणाला म्हटलेलं नाही आणि माझ्यासमोर कुणी म्हटलं तर तिथल्या तिथे थांबवते. मुलग्यांना "आता तूच घरातला कर्ता पुरुष" म्हणतात ते त्याचंच भावंड. सहा वर्षांच्या पोराला तेराव्याला हे ऐकवणारे काका मी पाहिलेत.

विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन या अमेरिकन अभ्यासकांनी आई किंवा वडील गमावलेल्या शाळकरी मुलांकडे दोन वर्षं लक्ष ठेवलं होतं. त्यांना दोन गोष्टी दिसल्या, त्या आमच्याकडच्या अनुभवाशी जुळतात. एक, मूल कसं सावरतं ते सगळ्यात जास्त मागे राहिलेला पालक कसा चालतोय-बोलतोय यावर ठरतं. दुसरी, काही मुलांचा त्रास पहिल्या वर्षात दिसतच नाही. तो दुसऱ्या वर्षी वर येतो, तेव्हा नातेवाईक आपापल्या घरी गेलेले असतात. तुमची मुलगी त्यांतली असू शकते.

काय करायचं? तिच्याकडून कामं काढून घ्या, पण एकदम सगळी नकोत, नाहीतर तिला वाटेल आपण कुठेतरी चुकलो. एक काम तिचं राहू दे, बाकीची हळूहळू परत तुमच्याकडे. मधल्या काळात बंद पडलेलं तिचं जे काही असेल, चित्रकला, कबड्डी, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाणं, ते आधी सुरू करा. समोर बसवून "मनातलं बोल" असं म्हटलं की ती "काही नाही" म्हणेल. या वयाची मुलं डोळ्याला डोळा भिडवून बोलत नाहीत. वेणी घालताना, शेंगा सोलताना, भाजी आणायला चालत जाताना बोलतात. आणि तिथे तिला विचारण्यापेक्षा आपलं सांगा: "काल रात्री गेट वाजलं तर मला वाटलं हेच आले." बस, एवढंच. उत्तर त्या दिवशी आलं नाही तर आठ दिवसांनी येईल. राग आला तर तोही येऊ द्या, तुमच्यावर आला तरी. तिचं जेवण तुटलं, अंगावर खुणा दिसल्या, "मी नसते तर बरं" असं काही ती बोलली, तर मात्र वाट बघायची नाही. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायचं. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलता येतं, तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

आता सासूबाई.

पत्रात त्या फक्त कुंकवापुरत्या आल्यात. पण ताई, त्यांचाही मुलगा गेलाय. दहा महिन्यांत भेटायला आलेल्या माणसांनी तुम्हाला "कसं होणार गं तुझं" म्हटलं, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवले. म्हातारीला किती जणांनी विचारलं? एका स्वयंपाकघरात दोन बायका एकाच माणसासाठी झुरतात, आणि भांडण मात्र कुकरच्या शिट्टीवरून होतं, हे मी शेकडो घरांत पाहिलंय. शिवाय त्या स्वतः या सगळ्यातून गेल्यात. सासरे गेले तेव्हा त्यांच्या बांगड्या कुणीतरी फोडल्या असतील, हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं बंद झालं असेल, मुलांच्या लग्नात मांडवात मागे बसल्या असतील. आज सुनेने टिकली लावली आणि काहीच अनर्थ झाला नाही, तर मग आपण इतकी वर्षं कशासाठी सोसलं, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहतो. तो सोपा नाही. त्यातून बरंचसं "लोक काय म्हणतील" बाहेर येतं.

म्हणून कुंकवावरून वाद घालण्याआधी त्यांना एकदा विचारून बघा, "आई, बाबा गेले तेव्हा तुमचं काय काय काढलं होतं हो?" आणि ऐका. माझ्या अनुभवात निम्म्या घरांत विषय तिथेच वळतो. एका सासूने हे बोलून झाल्यावर उठून स्वतःच्या डबीतलं कुंकू सुनेला आणून दिलं होतं. सगळ्याच तसं करतील असं नाही. एक सासू रडली, आणि तरीही नाहीच म्हणाली.

तरीही ठरवणार तुम्हीच. टिकली लावायची, कुंकू लावायचं, मंगळसूत्र ठेवायचं, नुसती साधी साखळी घालायची, की यातलं काहीच नको, यात बरोबर-चूक काही नाही. काहींना मंगळसूत्र काढवत नाही, काहींना ते अंगावर नकोसं होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं हे गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. पाठोपाठ बऱ्याच गावांनी ठराव केले. ठरावाने माणसं एका रात्रीत बदलत नाहीत, पण दिरांसमोर "सरकारनेच सांगितलंय" एवढं म्हणायला उपयोगी पडतो. (पत्रिकेत मात्र अजून "गं. भा." छापतात. तुमच्या नावाआधी काय छापायचं ते दिरांना आधीच सांगून ठेवा. नुसतं "श्रीमती" पुरे.) लग्नाला जा, मुलांना घेऊन जा, आणि ओळखीची एक-दोन धीट माणसं आजूबाजूला घेऊन पुढच्या रांगेत बसा. औक्षणाच्या वेळी कुणी हात धरून मागे ओढलंच, तर तिथे तमाशा नको. पण जायच्याच आधी त्या नवऱ्यामुलीला विचारा, "काकूने तुला ओवाळलेलं चालेल का?" हल्लीच्या मुली हो म्हणतात. नवरीच हो म्हणाली की मांडवात फारसं कुणी अडवत नाही.

आता जमीन आणि पैसा. हे मी भराभर लिहिते, पण वाचा सावकाश.

तुमच्या पतीच्या हिश्श्याचे वारस चौघं: तुम्ही, मुलगी, मुलगा आणि सासूबाई. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यात पहिल्या वर्गाचे वारस हेच आहेत. हे चौघे हयात असताना भावाला त्यात काही येत नाही. जमीन वडिलोपार्जित असेल तर मुलांचा जन्मतःच हक्क असतो, त्यामुळे वाट्यांचा हिशेब बदलतो, तो वकिलाकडून करून घ्या. तलाठ्याकडे मृत्यूचा दाखला देऊन वारस नोंद लावा. नियमाने ती तीन महिन्यांत कळवायची असते, उशीर झाला तरी होते. फेरफार मंजूर झाला की सातबारावर तुमचं, सासूबाईंचं आणि मुलांचं नाव येईल. मुलांच्या नावापुढे "अ. पा. क. आई" असं लागतं, म्हणजे अज्ञान मुलांची पालनकर्ती तुम्ही. सासूबाईंचं नाव वगळायचा मोह कुणी दाखवला तर बळी पडू नका. कायद्याने चुकीचं आहे, आणि घरात राहायचंय.

हक्कसोडपत्र म्हणजे तुमचा वाटा कायमचा सोडून देणं. "नुसती सही तर करायची आहे" असं म्हणतात त्या सहीची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी झाली की ती मागे फिरवणं फार कठीण. मुलांचा वाटा तर तुम्हालाही सोडता येत नाही. अज्ञान मुलाची स्थावर मिळकत विकायला किंवा सोडायला न्यायालयाची परवानगी लागते. दिरांना हेच शांतपणे सांगा. ते वाईटच असतील असं मी धरून चालत नाही. वहिनी उद्या जमीन विकेल, दुसरं लग्न करेल, मग जमीन बाहेर जाईल, या भीतीने बरीच माणसं असं वागतात. (तुम्ही विचारलं नाहीत, पण माहीत असू द्या: पुढे कधी लग्न केलंत तरी पतीकडून मिळालेला हा वाटा जात नाही.) वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं, स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता फुकट वकील मिळतो. राहत्या घरातून कुणी बाहेर काढायची भाषा केली, तर २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली सामायिक घरात राहण्याचा तुमचा हक्क आहे, पती नसले तरी.

कारखान्याच्या कामाला लागा. पीएफसाठी फॉर्म २०, पेन्शनसाठी १०-डी, विम्यासाठी ५-आयएफ, असे तीन अर्ज असतात. बहुतेक बायका पहिलाच भरून घरी येतात. पीएफसोबतचा विमा कमाल ७ लाखांपर्यंत असतो आणि त्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही, म्हणून पगाराच्या पावतीवर तो दिसत नाही. पीएफच्या विधवा पेन्शनबरोबर दोन मुलांना वयाच्या २५व्या वर्षापर्यंत त्याच्या २५-२५ टक्के मिळतं. पतीचं बँकेचं पासबुक घेऊन मे-जूनच्या नोंदी बघा. ४३६ रुपये कापलेले दिसले तर तो प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा आहे, २ लाखांचा, आणि दावा त्याच शाखेत करायचा. (२० रुपयांची नोंद अपघात विम्याची असते, ती तुमच्या बाबतीत लागू नाही.) दहा महिने उलटले म्हणून गप्प बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मुलांसाठी बालसंगोपन योजनेचा अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करा. एकल पालकाच्या मुलांना ती लागू आहे, महिन्याला एका मुलामागे २,२५० रुपये. संजय गांधी निराधार योजनेचं तुम्हाला कुणीतरी सुचवलंय, पण तिची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अवघी २१,००० आहे. पेन्शन सुरू झाल्यावर तुम्ही बहुधा त्यात बसणार नाही. एजंटला पैसे देऊन खोटा दाखला काढू नका.

"पहिल्यासारखं कधी होईल" याला माझ्याकडे तारीख नाही आणि ते पहिल्यासारखं होईल असंही मी म्हणणार नाही. तुमचं घर पाच माणसांच्या मापाने बसलेलं होतं. आता ते चौघांना वापरायचंय आणि रोज कुठेतरी अडकतंय. केंद्रात मी एक काम करायला सांगायचे, तुम्हीही करा. एका रात्री तिघींनी वही घेऊन बसा, मुलगाही जागा असेल तर उत्तमच, आणि "बाबा काय काय करायचे" ते लिहा. सिलिंडर लावणं. लाइटबिल. आईंना बीपीच्या तपासणीला नेणं. रविवारी मुलाला आंघोळ घालणं. रात्री कडी लागलीय का बघणं. मुलीचं गणित. जेवताना काहीतरी फालतू विनोद करून सगळ्यांना हसवणं. पंचवीस-तीस कामं निघतील. मग वाटा. काही तुमच्याकडे, गणित शेजारच्या कॉलेजच्या मुलाकडे, बीपी रिक्षावाल्या काकांकडे, कडी मुलाकडे (सहा वर्षांच्या मुलाला हे काम फार आवडतं). दोन-चार कामं कुणाच्याच वाट्याला येणार नाहीत. ती तशीच मोकळी सोडा. विनोदाचं तसंच होईल. पण बाबांची जागा कुणा एकाला देऊ नका, मुलीला तर नाहीच, आणि स्वतःही घेऊ नका. "मीच आता आई आणि बाप" असं ठरवलेल्या बायका माझ्याकडे तीन-चार वर्षांनी यायच्या, रक्तदाब वाढलेला, आवाज बसलेला.

यादी करताना रडारड होईल आणि हसणंही होईल. बहुतेक घरांत त्यांचं नाव पुन्हा मोठ्याने घेतलं जातं ते त्या रात्रीपासून.

तुमच्या स्वतःबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. झोप किती लागते, ते वहीच्या दुसऱ्या पानावर लिहून ठेवा. दुपारचं ताट वाढून घ्या, उभ्याने खाऊ नका. दहा महिन्यांनीही एखाद्या दिवशी सकाळी उठवत नाही, हे दुःखाचंच आहे. एक दिवस बँकेची रांग लावून येता आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या शर्टाचा वास घेत बसता, असं आलटूनपालटून चालतं, चालू द्या. पण रोजचा बहुतेक वेळ अजूनही सुन्नपणात जात असेल, काहीच खरं वाटत नसेल, आपणही जावं असं मनात येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. वर्ष उलटूनही तसंच राहिलं तर त्याला वेगळे उपचार आहेत आणि ते लागू पडतात. त्यांच्या कपड्यांची वाटणी इतक्यात नको. प्रत्येक मुलासाठी एकेक शर्ट बाजूला ठेवा, बाकीचे पुढच्या वर्षी बघा.

वर्षश्राद्धाच्या आधीचे पंधरा दिवस वाईट जातात, चिडचिड वाढते, मुलंही आजारी पडतात. दिनदर्शिकेवर खूण करून ठेवा म्हणजे अचानक वाटणार नाही. त्या दिवशी मुलीला विधीला बसायचं असेल तर गुरुजींना आधी विचारून ठेवा. नाही म्हणाले तर दुसरे गुरुजी मिळतात. पान वाढताना त्यांना आवडायचं तेच करा, नुसती भाताची खीर आणि वडे नकोत.

आणि गाडी. आत्ता विकू नका. कागद म्हणाल तर आरटीओत फॉर्म ३१ भरून आधी ती तुमच्या नावावर करावी लागेल, तशी ती विकताही येणार नाही आणि तुम्ही चालवलीत तर विम्याचाही घोळ होईल. तेवढं काम करून घ्या. पण मला दुसरंच विचारायचं होतं. तुम्ही लिहिलंय, मुलगा संध्याकाळी पार्किंगमध्ये जाऊन त्या गाडीवर बसतो आणि तोंडाने गाडीचा आवाज काढतो, म्हणून सासूबाई म्हणतात विकून टाक, बघवत नाही. त्याला बसू दे. तो तिथे काय खेळतो ते एकदा खाली जाऊन, मागच्या सीटवर बसून बघा. कुठे चाललोय, ते विचारा. दुबई म्हणाला, तर शनिवारपर्यंतही थांबू नका.